आकड्यापुढचं माप : एका उपसा योजनेच्या कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

आजपासून काम माझ्याकडे. कृष्णाकाठच्या १४ खातेदारांची सामायिक उपसा योजना. नदीकाठी जॅकवेल (उपशाची विहीर), तिथून माळावरच्या टाकीपर्यंत रायझिंग मेन (पाणी वर चढवणारा पाइप), आणि टाकीतून ज्याच्या-त्याच्या ठिबकला पाणी. जुनी योजना केव्हाच बंद पडली. लोखंडी पाइप गंजून गेले आणि मोटारीचं कुणी बघितलं नाही.

तात्यांनी ट्रंकेतून जुना नकाशा काढून दिला. घड्यांवर फाटलेला, पण रेघा स्पष्ट. त्यावर दोन आकडे ठळक आहेत, नदी ते टाकी ४६०० आणि लिफ्ट, म्हणजे पाणी उचलायची उंची, ११८. पुढे काही लिहिलेलं नाही. फूट की मीटर, हे काढणाऱ्याला माहीत होतं आणि तो आता नाही.

नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलं : माप लिहिल्याशिवाय एकही आकडा पुढे जाणार नाही. या नोंदींतही नाही. (गावात 'युनिट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर विजेचं बिल येतं, म्हणून मी 'माप' म्हणते.)

१२ नोव्हेंबर

क्षेत्राची बेरीज. खातेदारांनी आपापलं क्षेत्र कागदावर लिहून दिलं होतं, ते मी काल रात्री संगणकावर चढवलं. एकूण ३३.७० एकर. त्यावरून पाण्याचं गणितही करून टाकलं.

आज सकाळी टोकाच्या काकूंकडे चहाला थांबले. त्या बोलता बोलता म्हणाल्या, "माझं काय गं, सव्वा एकर. पण टोकाला हाय." माझ्या कागदावर त्यांच्या नावापुढे १.१० होतं.

एक एकर दहा गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे दहा गुंठे हा पाव एकर. संगणकाला त्या टिंबाचा अर्थ कुठून कळणार? त्याने ते दशांश धरून एक एकर आणि एकराचा दहावा हिस्सा असं मोजलं. काकूंचे सहा गुंठे माझ्या कोष्टकात गायब झाले होते. सगळी यादी पुन्हा केली. पूर्ण एकर ३१, आणि सुटे गुंठे मिळून २७०. म्हणजे ६ एकर ३० गुंठे. खरं क्षेत्र ३७ एकर ३० गुंठे, दशांशात ३७.७५ एकर. चार एकरांहून जास्त जमीन नुसत्या टिंबापायी गेली होती, आणि पंप मी तेवढ्याने लहान निवडला असता.

चूक माझी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्या तोंडात सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन आहेत. 'अडीच एकर' म्हटलं तर कुणाचीच चूक होत नाही. तेच २.२० असं कागदावर उतरलं की दोन अर्थ होतात. फूट-इंचाचंही तसंच. दरवाजा ६.९ लिहिला तर सहा फूट नऊ इंच की सहा पूर्णांक नऊ दशांश फूट? यापुढे गुंठे वेगळ्या रकान्यात.

नंतर सगळ्यांचे सातबारे मागवले. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की लोक आरला सर्रास गुंठा म्हणतात आणि बहुतेक वेळा बिघडत नाही. पण आर शंभर झाले की हेक्टर होतो, गुंठे चाळीस झाले की एकर. घोळ तिथे होतो. गणितासाठी आता एकच क्षेत्र : १५.२८ हेक्टर.

गुंठा आला कुठून, हे तात्यांना ठाऊक होतं. त्यांचे वडील मोजणीवाल्यांबरोबर साखळी ओढायला जात. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, तो गुंठा.

१४ नोव्हेंबर

पाण्याची गरज. ठिबकवर ऊस आणि हळद, कडक उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर धरलं. इथे मेट्रिक मापांचं सुख कळतं. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १० घनमीटर, तोंडी हिशोब. १५.२८ हेक्टरला ७६४ घनमीटर. गळती वगैरे धरून ८५० च्या आसपास. वीज आठ तास मिळेल असं धरलं तर सेकंदाला साडेएकोणतीस लिटर. डिझाइन ३० लिटर प्रति सेकंद.

पाटबंधाऱ्याच्या भाषेत हे एक क्युसेकहून थोडंसं जास्त. १ क्युसेक = सेकंदाला १ घनफूट = २८.३२ लिटर प्रति सेकंद. पावसाळ्यात धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये ऐकायची सवय असलेल्या माणसाला 'एक क्युसेक' फारच किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात चौदा घरांचं पीक त्यावर उभं राहतं.

१८ नोव्हेंबर

लेव्हल घेतली. नदीच्या उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पाण्यापासून टाकीच्या इनलेटपर्यंत ३६.४० मीटर. जुन्या नकाशावरचे ११८ फूट धरले तर ३५.९७ मीटर होतात. नवी टाकी थोडी उंचावर घेतली आहे, फरक त्याचाच. म्हणजे नकाशा फुटांत. ४६०० फूट म्हणजे १४०२ मीटर, आणि टेपने मोजलेलं अंतरही जवळपास तेवढंच भरलं. दोन्ही आकड्यांपुढे आज लाल शाईने 'फूट' लिहिलं.

२६ नोव्हेंबर

पंपाची तीन कोटेशनं आली. संध्याकाळी देवळात बैठक.

पहिलं ३० अश्वशक्तीचं. दुसरं ७५ अश्वशक्तीचं. दोघांची किंमत पाहून बैठकीत गलका झाला. बाळूदादा म्हणाला, "मोठाच घ्या की ताई, पाणी जोरात येईल." मी दुसऱ्या पुरवठादाराला तिथूनच फोन लावला. कुणीतरी त्याला जुन्या नकाशाचा फोटो पाठवला होता, माझ्या लाल शाईच्या आधीचा. त्याने ११८ मीटर धरले, वर घर्षण वगैरेचे १० मीटर. त्याची आकडेमोड त्याच्या परीने बरोबर होती :

३० लिटर प्रति सेकंद × १२८ मीटर ÷ ७५ ÷ ०.७० (पंपाची कार्यक्षमता) = ७३ अश्वशक्ती.

आमची अशी : उंची ३६.४ मीटर, पाइपातल्या घर्षणाचे सुमारे ८ मीटर, बेंड-व्हॉल्व्ह-फूटव्हॉल्व्हचे दीडेक. एकूण ४६ मीटर.

३० × ४६ ÷ ७५ ÷ ०.७० = २६.३ अश्वशक्ती. बाजारात त्यावरची मोटार ३० अश्वशक्ती, २२ किलोवॉट.

ही ७५ ची रीत लिटर, मीटर आणि मेट्रिक अश्वशक्तीची आहे (७३५.५ वॉट). इंग्रजी अश्वशक्ती ७४५.७ वॉटची. फरक दीड टक्क्याचा आहे, मोटार निवडताना तो पचतो. पण पचतो हे माहीत असणं आणि फरक आहे हेच माहीत नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी.

तिसरं कोटेशन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घातक. पंप बाहेरच्या बनावटीचा, पत्रकावर लिहिलेलं ४०० जीपीएम, म्हणजे गॅलन प्रति मिनिट. पुरवठादाराने शेजारी हाताने '३० लि./से.' लिहिलं होतं.

गॅलन दोन आहेत. इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ लिटरचा. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत आणि जुन्या माणसांच्या हिशोबात इंग्रजी गॅलन. त्याने मोजलं तर ४०० जीपीएम म्हणजे ३०.३ लिटर प्रति सेकंद, हवं तेवढं. पण पत्रक अमेरिकन. तिथले ४०० म्हणजे २५.२. सेकंदाला पाच लिटर कमी. आठ तासांत १४६ घनमीटर कमी. सव्वासहा एकर कोरडे.

हे सव्वासहा एकर कुणाचे असतील? पाणी वरून खाली येतं आणि टोकाला संपतं. पत्रकावरचा गॅलन कुठल्या देशाचा, याचा भार काकूंच्या सव्वा एकरावर पडला असता. आणि त्यांना कुणी सांगितलंही नसतं. टोकाला पाणी कमीच पोचतं, असं म्हणून सगळे गप्प बसले असते.

२७ नोव्हेंबर

काल बैठकीत मी विमानाची गोष्ट सांगितली, ती इथे नोंदवून ठेवते, कारण तिच्यातली आकडेमोड आमच्या गॅलनच्या घोळासारखीच आहे.

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७, माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. कॅनडा तेव्हा मेट्रिककडे वळत होता आणि हे विमान नव्या मापांचं होतं. इंधनाचे काटे बंद होते, म्हणून टाकीत पट्टी बुडवून मोजलं : ७,६८२ लिटर. प्रवासाला लागणार २२,३०० किलो. लिटरचे किलो करायचे तर ०.८०३ ने गुणायचं. त्यांनी गुणलं १.७७ ने. तो आकडाही खराच आहे, पण त्याने लिटरचे पौंड होतात. वर्षानुवर्षं तोच वापरात होता, हाताला तोच बसलेला.

७,६८२ × १.७७ = १३,५९७. पुढे त्यांनी मनात 'किलो' म्हटलं. २२,३०० तून वजा केले, उरलेल्याला पुन्हा १.७७ ने भागलं आणि ४,९१७ लिटरच्या आसपास इंधन भरलं. भरायला हवं होतं वीस हजार लिटर. विमान उडालं तेव्हा हव्या त्याच्या निम्म्याहून कमी इंधन होतं.

४१,००० फुटांवर इशारे वाजले आणि थोड्या वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिक रॉबर्ट पिअरसन यांना ग्लायडर चालवायचा अनुभव होता. त्यांनी आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते अवजड विमान घिरट्या न घालता गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. विमानात ६९ माणसं होती.

तात्यांनी विचारलं, "इमान पडलं नाय न्हवं? माणसं वाचली?"

"वाचली, तात्या. सगळी."

"मग बरं," म्हणून त्यांनी टोपी नीट केली आणि बाळूदादाला म्हणाले, "तिसरं कोटेशन परत दे."

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की गणित दोनदा तपासलं गेलं आणि दोन्ही वेळा बरोबर आलं. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर. तपासणाऱ्याने आकडे तपासले, मापं तपासली नाहीत. मंगळाच्या यानाचंही (नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर) असंच झालं. एक गट धक्क्याचे आकडे पौंड-सेकंदांत पाठवत होता, दुसरा ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होता, दर आकडा ४.४५ पटीने चुकत होता. नऊ महिने प्रवास करून २३ सप्टेंबर १९९९ ला ते यान मंगळाजवळ २२६ किलोमीटरऐवजी सुमारे ५७ किलोमीटरवर आलं आणि गेलं. इतका काळ, इतकी हुशार माणसं. आमच्याकडे मी एकटी आणि एक वही आहे, म्हणून आजपासून प्रत्येक गुणाकारात मापंही लिहिणार आणि ती एकमेकांत कापून दाखवणार. लिटर × किलो प्रति लिटर = किलो. उत्तराला भलतंच माप उरलं तर तिथेच थांबायचं.

११ डिसेंबर

नदीतून पाणी उचलायच्या परवानगीचा अर्ज. सेकंदाला ३० लिटरने आठ तासांत ८६४ घनमीटर. वर्षातले २०० दिवस उपसा धरला तर ८६४ × २०० = १,७२,८०० घनमीटर. अर्जात रकाना सघमीचा, म्हणजे सहस्र घनमीटर. लिहिलं १७२.८ सघमी.

भरून देणाऱ्या मुलाने टाइप केलं १७२.८ दलघमी. एका अक्षरगटाचा फरक आणि हजार पट. २८.३२ दलघमीचा एक टीएमसी. म्हणजे चौदा शेतकऱ्यांनी सहा टीएमसीहून जास्त पाणी मागितलं असतं, कोयना धरणात मावतं त्याच्या सतराव्या हिश्शाएवढं. अर्ज हातोहात परत आला असता आणि हंगाम गेला असता. पाठवण्याआधी दिसलं. पोराला रागावले नाही. त्याला 'द' म्हणजे दशलक्ष आणि 'स' म्हणजे सहस्र हे सांगितलं, कारण तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

१४ जानेवारी

संक्रांत. काम बंद. तात्यांकडे तिळगूळ घ्यायला गेले, तर विषय पुन्हा मापांवरच.

नवे पैसे आले ते वर्ष १९५७. तात्या तेव्हा शाळेत जाणारं पोर. सोळा आण्यांचा रुपया होता, तो शंभर नव्या पैशांचा झाला. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. पण पाव पैसा हातात कसा देणार? म्हणून तक्त्यात एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. तात्या म्हणाले, "पोरी, एक-एक आण्याचं चारदा घेतलं तर चोवीस पैशात भागायचं. एकदम चार आण्याचं मागितलं की पंचवीस. आमी पोरं चारदा जायचो."

मी तिथेच वही काढली. परवापासून मला चार पाइप कमी का पडतात ते कळत नव्हतं. ठेकेदाराने पाइप मोजले ते असे : अंतर ४६०० फूट, एक कांडी वीस फुटी, म्हणून २३० कांड्या. पण कांडी आहे ६ मीटरची, म्हणजे १९ फूट आणि वर सव्वाआठ इंच. २३० × ६ = १३८० मीटर. हवेत १४०२. दर कांडीला पावणेचार इंच सुटले आणि २३० वेळा सुटून २२ मीटर झाले. तात्यांचा चारदा दिलेला आणा आणि हे, हिशोब तोच.

मधल्या टप्प्यावर आकडा गोल करायचा नाही. सगळं एका मापात नेऊन, शेवटी एकदाच. २३४ कांड्या, वर राखीव सहा.

२ फेब्रुवारी

जॅकवेलचं खोदकाम. खडी १२ घनमीटर हवी होती, ट्रकवाल्याशी बोलणं ब्रासमध्ये. १ ब्रास = १०० घनफूट = २.८३ घनमीटर, म्हणजे सव्वाचार ब्रास. मागवताना दोन्ही लिहिलं. वेगळं काही घडलं नाही.

सळईचं तेच. डिझाइनमध्ये १० आणि १२ मिलिमीटर, फिटर 'तीन सुती' आणि 'चार सुती' म्हणतो. आठ सुतांचा इंच, म्हणून तीन सूत साडेनऊ मिलिमीटर आणि चार सूत १२.७. बाजारातल्या सळईला ते तंतोतंत लागू होत नाही, पण त्याचा हात बसलेला आहे. त्याला मिलिमीटर म्हणायला लावण्यापेक्षा ड्रॉइंगवर शेजारी सूत लिहिलं. काम त्याच्या हातांनी होणार आहे.

१७ फेब्रुवारी

मोटारघराची उंची. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, काठावरच्या लोकांच्या मनात पूर फुटांतच राहतो. २०१९ चं पाणी देवळाच्या भिंतीवर रंगाने मारून ठेवलंय. मी ती खूण लेव्हलने मीटरमध्ये घेतली आणि मोटारघराचा तळ तिच्या वर एक मीटर ठेवला. गावाच्या माहितीसाठी भिंतीवर फुटांतही लिहिणार आहे. पूर आल्यावर कुणी मीटरमध्ये विचार करणार नाही.

२१ मार्च

पाइप चारीत बसले. वीज जाऊन पंप एकदम थांबला की परतणाऱ्या पाण्याचा धक्का बसतो. तो धरून खालच्या बाजूला दाब ७५ मीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून खालचे ७०० मीटर ८ केजी पाइप, वरचे ६ केजी. 'केजी' म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर. दुकानदार, शेतकरी, प्लंबर सगळे केजीच म्हणतात आणि कुणाचा घोटाळा होत नाही.

उद्या खालच्या भागाची दाबचाचणी. दीडपट, म्हणजे १२ केजी.

२३ मार्च

काल मला तालुक्याला जावं लागलं. चाचणी माझ्यामागे झाली. वहीत नोंद : 'प्रेशर १२०, एक तास, पास.' चारी बुजवायला जेसीबी उभा.

मी ठेकेदाराच्या पोराला विचारलं, "१२० काय?"

"तुमच्या कागदावर होतं ते, ताई. एकशेवीस."

माझ्या कागदावर खरंच होतं. 'चाचणी दाब १२० मीटर.' हेडच्या (पाणी चढवायच्या उंचीच्या) गणितात मी मीटरमध्ये विचार करते, १० मीटर पाणी म्हणजे १ केजी, म्हणून तसंच उतरवलं होतं. गेजपाशी गेले. पितळी कडा, काच एका बाजूला तडकलेली. आत दोन वर्तुळं, बाहेरचं काळं, आतलं लाल. काळ्यावर २०, ४०, ६०, असं पुढे. लालवर २, ४, ६. काळ्या वर्तुळाखाली बारीक अक्षरांत पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), आणि नेमका तिथेच सोल्युशनचा वाळलेला थेंब. नखाने खरवडल्यावर अक्षरं दिसली.

पोराने १२० शोधले, ते काळ्या वर्तुळावर सापडले, तिथे काटा नेऊन तासभर बघत बसला. त्याने सांगितलं तेच केलं. १२० पीएसआय म्हणजे ८.४ केजी. हवेत १२ केजी, काळ्या वर्तुळावर ते १७१ होतात.

जेसीबी थांबवला. ठेकेदाराचं म्हणणं, "आठच्या पाइपाला साडेआठ झालंच की." मी नाही म्हटलं. हातपंपाने पुन्हा दाब चढवायला घेतला. लाल वर्तुळावर ८, ९. साडेनऊला काटा थरथरला. दहाला चौथ्या बेंडजवळ मातीतून आधी ओल आली, मग बोटभर जाडीची धार तिरकी उडाली.

उकरून जोड उघडला. रबरी रिंग बसवताना एका जागी दुमडली होती. दोन बोटं रुंदीची घडी, बाकी रिंग ठीक.

ही रिंग साडेआठला टिकली, दहाला नाही. पंप चालू असताना तिथे साडेचारच्या आसपास दाब असणार, धक्क्याला साडेसात. कदाचित एक हंगाम निघाला असता. मग एखाद्या रात्री वीज गेली असती आणि उभ्या उसाखाली पाइप फुटला असता.

चुकीत माझा वाटा मोठा. आकड्यापुढे माप लिहिलं होतं, नियम पाळला होता. पण ज्याच्या हातात गेज आहे त्याला गेजवर जे दिसतं ते माप लिहायला हवं होतं. रूपांतर माझं काम होतं, ते मी चारीत उभ्या असलेल्या पोरावर सोडलं. नियमात भर : कागद ज्या उपकरणापाशी वाचला जाणार, आकडा त्या उपकरणाच्या मापात.

संध्याकाळी नवी रिंग. १२ केजीला एक तास. काटा हलला नाही. पोराने स्वतःहून वहीत लिहिलं : '१२ केजी, लाल गोल.'

९ एप्रिल

वीजजोडणी. कुणीतरी सुचवलं, मोटार २२ ची आणि जवळचा ट्रान्स्फॉर्मर २५ चा, भागेल. मोटारीचे २२ किलोवॉट शाफ्टवर मिळतात. मोटारीतला तोटा आणि पॉवर फॅक्टर धरला तर तारेतून २८-२९ केव्हीए (तारेवरचा एकूण भार) ओढणार. २५ हा केव्हीएचा आकडा. दोन्ही आकडे एकाच तराजूत घालायचे नाहीत. ६३ चा मागितला.

२४ मे

सकाळी ६.४० ला पंप सुरू. आधी वीसेक मिनिटं एअर व्हॉल्व्हमधून हवा फुसफुसत राहिली, मग माळावर पाइपातून आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी. पंपाजवळचं गेज ४.६ केजी, म्हणजे ४६ मीटर. (या गेजवर एकच वर्तुळ आहे, मुद्दाम शोधून आणलं.)

डिस्चार्ज टाकीवर मोजला. टाकी १२ × ८ मीटर, म्हणजे ९६ चौरस मीटर. भिंतीला पट्टी लावली, पाणी ३० सेंटिमीटर चढायला १६ मिनिटं १० सेकंद.

९६ चौरस मीटर × ०.३० मीटर = २८.८ घनमीटर = २८,८०० लिटर
२८,८०० लिटर ÷ ९७० सेकंद = २९.७ लिटर प्रति सेकंद.

तात्यांनी पट्टीवरचा आकडा स्वतः वाचला, घड्याळ बाळूदादाने धरलं. काकूही माळ चढून आल्या होत्या. मी २९.७ म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे हंडे किती गं?"

त्यांचा हंडा पंधरा लिटरचा. "सेकंदाला दोन, काकू."

त्या पाइपाच्या तोंडाकडे बघत तोंडातल्या तोंडात मोजत राहिल्या. दोन, चार, सहा, आठ.

१०.१५ ला टोकाचा व्हॉल्व्ह उघडला. काकूंच्या शेवटच्या लॅटरलवर (ठिबकच्या नळीवर) १.१ केजी. शेवटच्या ड्रिपरखाली एक मिनिट पेला धरला, मोजपात्रात ओतला. ६६ मिलिलिटर, म्हणजे तासाला ३.९६ लिटर. ड्रिपर ४ चा आहे.

राहिलेलं : मोटारघराच्या भिंतीवर पुराची खूण, फूट आणि मीटर दोन्हींत. नव्या नकाशाची एक प्रत तात्यांच्या ट्रंकेत.